पन्नास रुपये कुणाच्या दावणीला?

आषाढात अकोले तालुक्यातल्या घाटघरला गेलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही. पाऊस पडतो म्हणणंही तिथे कमीच पडतं, ढगच जमिनीवर उतरून बसलेला असतो. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणारा हा घाटमाथा. माणसं पूर्वी इरली घ्यायची, आता प्लॅस्टिकचा कागद पांघरतात, तरी हाडापर्यंत भिजतात. आणि त्याच पावसात उघड्या माळावर, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली गुरं मान खाली घालून निवांत चरत असतात. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो. त्यामुळे पाणी केसांत मुरत नाही, अंगावरून घरंगळून जातं. खूर काळे आणि दगडासारखे टणक. महिनोन्‌महिने चिखलात राहूनही ते सहसा कुजत नाहीत.

ही डांगी जातीची गुरं. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले, नाशिकचे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, खाली ठाणे-पालघरकडचे शहापूर, मोखाडा, जव्हार आणि पलीकडे गुजरातेतला डांग हा तिचा मुलूख. ‘डांग’ म्हणजे डोंगराळ रान, नावातच पत्ता आहे. कुठल्या संस्थानिकाने ही जात घडवली नाही की कुठल्या सरकारी क्षेत्रावर ती तयार झाली नाही. महादेव कोळी, ठाकर, कानडी या डोंगरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वळू निवडत तिला घडवलं. रंगावरून त्यांनी तिला नावंही दिली. पारा, बाहाळा, मनेरा, शेवरा. शहरातल्या माणसाला ही सगळी ‘ठिपक्यांची गाय’ दिसते. गुराखी लांबूनच सांगतो की ही अमक्या दावणीची.

अकोले तालुक्यातल्या राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथे एका म्हाताऱ्या बाबांना मी जनावर पारखताना पाहिलं आहे. दात बघितले, खूर बघितले, मग पाठीवर तळवा फिरवला आणि बोटं एकमेकांवर घासली. अंगाला तेल किती सुटतं, ते बघत होते. मी शहाण्यासारखं विचारलं, “बाबा, दूध किती देते?” ते म्हणाले, “दुधाचं काय इचारता? तिचे दोन गोऱ्हे माझी खाचरं वढत्यात.”

त्या उत्तरात या लेखाचा सगळा मुद्दा आहे. आपण या गाईला चुकीचा प्रश्न विचारतो आहोत, आणि चुकीच्या प्रश्नावर सरकारी पैसा खर्च करतो आहोत.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केलं. त्याबरोबरच गोशाळांमध्ये सांभाळल्या जाणाऱ्या देशी गाईंसाठी दर गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय झाला. वर्षाचे होतात १८,२५० रुपये. डोंगरातल्या घरासाठी ही लहान रक्कम नाही. पण ती त्या घराला मिळत नाही, ती गोशाळेला मिळते. म्हणजे अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एखाद्या वाडीत चार डांगी गाई आणि एक वळू सांभाळणाऱ्या माणसाला काही नाही. त्याने कंटाळून त्याच गाई विकल्या किंवा सोडून दिल्या, आणि फिरत फिरत त्या एखाद्या गोशाळेत पोचल्या, तर मात्र त्यांच्या नावाने रोजचे पन्नास रुपये सुरू. गाय घरी असताना सरकारला दिसत नाही, घरातून गेली की दिसते.

माझं गोशाळांशी वैर नाही. भाकड, जखमी, टाकलेल्या जनावरांना तिथे आसरा मिळतो, तो मिळायलाच हवा. पण गाय जगवणं आणि जात जगवणं ही दोन वेगळी कामं आहेत. डांगीला पावसातून, चढावरून, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलातून रोज जावं लागतं, आणि जी गाय तिथे टिकते तिचाच गोऱ्हा पुढे वळू म्हणून राखला जातो. तिच्या अंगातलं तेल, तिचे खूर, कमी चाऱ्यावर भागवण्याची ताकद, हे सगळं त्या निवडीतून आलं आहे. पत्र्याच्या छपराखाली, कुट्टी आणि पेंडीवर, दहा जातींच्या गुरांत उभी असलेली डांगी जिवंत राहील. तिच्या पोटी पुढची डांगी तयार होईलच असं नाही. कारण तिथे निवड करणारा बाबा नाही आणि ज्याच्यासमोर निवड करायची तो पाऊसही नाही.

आपल्या राज्यघटनेला हे कळलं होतं असं मला वाटतं. अनुच्छेद ४८ आपण नेहमी गोहत्याबंदीच्या संदर्भात ऐकतो. पण तो अनुच्छेद आधी शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक, शास्त्रीय पायावर उभं करायला सांगतो, मग जातींचं जतन करायला आणि त्या सुधारायला सांगतो, आणि त्यानंतर कत्तलबंदीकडे येतो. दुभत्या जनावरांच्या जोडीने ओढकामाच्या जनावरांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. आपण त्यातला शेवटचा भाग उचलला, त्यावर कायदे केले, निवडणुका लढवल्या. ‘जातींचं जतन’ हे शब्द मात्र कागदावरच राहिले.

आता दुधाबद्दल. डांगी एका वेतात सरासरी पाचशे लिटरच्या आसपास दूध देते. ते दाट असतं, फॅट चारच्या वर, पण आकडा एवढाच. संकरित गाय याच्या कित्येक पट देते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाद संपल्यासारखा वाटतो, आणि गेली पन्नास वर्षं तो तसाच संपवला गेला आहे. पण अकोले तालुका पश्चिमेकडून पूर्वेकडे एकदा नीट बघा. प्रवरा रतनगडावर उगम पावते. वर पाच हजार मिलिमीटर पाऊस, खडक आणि भात. खाली संगमनेरकडे येईपर्यंत पाऊस पाचशेवरही जेमतेम पोचतो, पण कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे, घासाचे वाफे आहेत, दूध संघाची गाडी रोज दारात येते. तिथली संकरित गाय शोभते, ती तिथली लक्ष्मी आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. मात्र तीच गाय आषाढात घाटघरला नेऊन उभी करा. पंधरा दिवसांत खूर सडतील, छातीत कफ भरेल, आणि तिच्या खुराकासाठी पेंडीची पोती त्या घाटरस्त्याने वर चढवावी लागतील. लिटरचा आकडा गाईच्या एकटीचा नसतो. तिच्यामागे पाणी, चारा, डॉक्टर, रस्ता, वीज हे सगळं उभं असतं. डांगीच्या आकड्यामागे काही नसतं, ती रानातून पोट भरून येते.

आणि ती फक्त दुधासाठी कधीच नव्हती. डोंगरातल्या घराला गाईकडून तीन गोष्टी लागतात: घरापुरतं दूध-तूप, आवणीला बैल, आणि शेण. शेणाबद्दल शहरात कुणी बोलत नाही म्हणून मी जरा थांबून सांगतो. इथली भातशेती राबावर चालते. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, काट्याकुट्या, गवत आणि माती यांचे थर रचून भाजतात. त्याने तण जळतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं, आणि पहिल्या पावसात रोप तरारून वर येतं. गोठ्यात गुरं नसतील तर राब नाही, राब नसेल तर युरियाची गोणी. मग आवणीच्या वेळी चिखलणी. गुडघाभर चिखलात, उतारावरच्या चिंचोळ्या खाचरात, धो धो पावसात डांगी बैल सावकाश पण न थकता औत ओढतो. पळायला लावलं तर तो कुणालाही हरवणार नाही. चिखलात मात्र त्याला तोड नाही.

हे बैलाचं काम गेलं आणि इथेच डांगीचा कणा मोडला. पॉवर टिलर आला, तो एका दिवसात चार दिवसांचं काम उरकतो. ज्याची दोन एकर खाचरं आहेत त्याने दोन बैल वर्षभर का पोसावेत? हा त्याचा हिशोब चुकीचा नाही, मी त्याला दोष देऊ शकत नाही. २०१९च्या पशुगणनेत देशभरातल्या गोवर्गीय नरांची संख्या २०१२च्या तुलनेत जवळपास ३० टक्क्यांनी घटली. त्याच गणनेत देशी गोवंश एकूण सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला आणि विदेशी-संकरित सुमारे २७ टक्क्यांनी वाढला. डोंगरात कुठल्याही वाडीतल्या दावणी मोजा, तुम्हाला हेच दिसेल.

त्यात मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. १९७६च्या मूळ कायद्यात कामातून गेलेला बैल दाखला घेऊन कत्तलीसाठी विकता येत असे. त्या पैशात थोडी भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा आणायचा. हा कायदा असावा की नसावा, हा वाद मी इथे उघडत नाही. पण एक गोष्ट उघड आहे. समाजाने आपल्या श्रद्धेपोटी एक निर्णय घेतला आणि त्याचं बिल मात्र ज्याच्या गोठ्यात म्हातारा बैल उभा आहे त्याच्याकडे पाठवलं. बैल विकून पैसे येणार नसतील तर शेतकरी बैल ठेवायचं थांबवतो, आणि बैल नको झाला की बैल देणारी गायही नको होते. खिलार जातीच्या बाबतीत निदान बैलगाडा शर्यतींनी किंमत टिकवून धरली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यावर चांगल्या खिलार खोंडाला लाखांचे भाव येतात. डांगी पळणारा बैल नाही. त्याच्यासाठी कुणी शर्यतीचा घाट बांधत नाही.

सरकार काहीच करत नाही असं नाही. २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू झालं, देशी जातींसाठी पैसा आला, आणि कृत्रिम रेतन वाडीपर्यंत पोचवण्याचे प्रयत्न झाले. पण ‘देशी’ या एका शब्दात सगळ्या जाती कोंबल्या की काय होतं ते मी जवळून बघितलं आहे. माझ्या माहितीतल्या एका घरात डांगी गाय माजावर आली, फोन केल्यावर माणूस आला, पण त्याच्या डब्यात डांगी वळूच्या वीर्याची कांडी नव्हती. गीरची होती. “देशीच आहे की,” तो म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. त्या गाईला झालेली कालवड दिसायला देखणी आहे, लांब कानांची, लाल. पण पहिल्या पावसाळ्यात ती छपराखालून हलायला तयार नव्हती. गीर ही थोर जात आहे, सौराष्ट्राच्या कोरड्या हवेत घडलेली. जर्सीने डांगी संपवली तर आपल्याला ते निदान दिसतं. गीरने संपवली तर कागदावर ‘देशी गोवंशात वाढ’ अशी नोंद होते. म्हणून मला हा धोका जास्त मोठा वाटतो.

त्यातच आता लिंगनिर्धारित रेतमात्रांवर भर आहे, म्हणजे सुमारे ९० टक्के वेळा कालवडच व्हावी अशी सोय. दुधाच्या पट्ट्यात ही सोय वरदान आहे. ज्या जातीची अर्धी किंमत तिच्या बैलात होती, तिच्यासाठी या सोयीचा अर्थ काय, हा विचार योजना आखताना कुणी केलेला मला दिसला नाही.

मग रानाचा प्रश्न येतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. दारणा त्याच्याही आधीचं; पुढे वैतरणा, मुकणे, भावली. इगतपुरी-अकोल्याच्या खोऱ्यांमधली सपाट, गवताळ, पाण्याजवळची जमीन पाण्याखाली गेली. त्या पाण्यावर मुंबईची तहान भागली, नाशिक-नगरचा ऊस आणि कारखाने वाढले. वरची गुरं मात्र चढावरच्या रानात ढकलली गेली. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं आणि त्या रानात चरायलाही आडकाठी आली. आता घाटमाथ्यावर बंगल्यांचे प्लॉट पडताहेत, त्यांना काटेरी कुंपणं लागताहेत. पूर्वी पावसाळा सरला की कळप चाऱ्याच्या शोधात खाली कोकणाच्या बाजूला उतरायचे. त्या वाटा आता कुंपणांनी तुटल्या आहेत. गुरांना चारा नाही असं म्हणताना आपण त्यांचा चारा कुठे गेला हे विचारत नाही.

वन खात्याची बाजू मला कळते. बेबंद चराई झाली तर रोपटी उठत नाहीत, डोंगर उघडा पडतो, हे खोटं नाही. पण डांगीच्या मुलखातलं रान गुरांनी संपवलं असा आरोप करण्याआधी तिथल्या वाघबारशीला एकदा जाऊन यावं. दिवाळीच्या तोंडावर गुराखी वाघोबाच्या ठाण्याशी जमतात, तिथेच चूल मांडून खीर शिजवतात, नैवेद्य दाखवतात आणि गुरांना राख म्हणून वाघालाच साकडं घालतात. ज्यांनी वाघालाही रानाचा हिस्सेदार मानलं, त्यांना रानाचे शत्रू समजून जतन होणार नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क, मग गावात राहून केलेली असो की फिरती, सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने असे सामूहिक हक्क मिळवून दाखवले. कुठलं रान कधी बंद ठेवायचं, कुठे किती गुरं सोडायची, हे ठरवायचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही ग्रामसभेकडे द्या. डांगीच्या गावांत हे दावे वेगाने निकाली निघाले तर त्याने जातीचं जितकं भलं होईल तितकं दहा प्रदर्शनांनी होणार नाही.

‘हे सगळं भावनिक आहे, बाजार वेगळं सांगतो’ असं म्हणणाऱ्यांना मी फ्रान्सचं उदाहरण देतो, कारण ते बाजारातलंच आहे. आल्प्सच्या साव्वा भागात बोफोर नावाचं चीज होतं. १९६८ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. ते फक्त तारांतेज आणि आबोंदांस या दोन डोंगरी जातींच्या गाईंच्या दुधाचंच करता येतं, आणि कळपाची सरासरी गाईमागे वर्षाला ५ हजार किलो दुधाच्या वर जाऊ नये असं बंधनही त्या नियमांत आहे. म्हणजे दूध वाढवण्यावर त्यांनी स्वतःहून मर्यादा घातली! का? कारण त्यापुढे गाय रानातल्या गवताची राहत नाही, पोत्यातल्या खुराकाची होते. आपल्याकडे उत्तराखंडच्या बद्री गाईचं बघा. छोटीशी डोंगरी गाय, दिवसाला एक ते तीन लिटर दूध. तिच्या तुपाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डांगीच्या तुपाला असं नाव का मिळू नये? पण त्या मानांकनाच्या नियमांत गाय रानात चरलेली हवी, ही अट आधी लिहावी. नाहीतर डांगीच्या नावाचे डबे शहराजवळच्या एखाद्या गोठ्यात भरले जातील.

एक आक्षेप मला खरोखर अस्वस्थ करतो. डोंगरातल्या तरुणाला गुरं वळायची नाहीत. तो नाशिकच्या कंपनीत किंवा पुण्यात जातो, शिकतो, आणि त्याला तो हक्क आहे. आपण शहरात बसून त्याला सांगायचं की तू पावसात भीज, कारण आम्हाला जैवविविधता हवी आहे? नाही सांगता येणार. तेवढ्यासाठीच पैशाची गोष्ट मी पुन्हा पुन्हा काढतो. गुराखी हे काम असेल तर त्याला मोबदला हवा. घाटमाथ्यावर राखलेली एक गाय म्हणजे राब आहे, तूप आहे, आणि उद्या हवामान आणखी लहरी झालं तर साऱ्या राज्याला लागेल असा पावसात टिकणारा वाण आहे. ही सेवा तो आज फुकट देतो आहे, आणि फुकट मिळतं तोवर आपण तिला ‘परंपरा’ म्हणतो.

मोबदला द्यायची व्यवस्था नव्याने उभारायचीही गरज नाही. जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ला मारण्याचं काम देशभर सुरूच आहे. डांगीच्या मुलखात, डांगीचीच पैदास करणाऱ्या घराला, त्या बिल्ल्याच्या नोंदीवर, गोशाळेला मिळतात तेच दिवसाचे पन्नास रुपये द्यावेत. वळू राखणाऱ्याला त्याहून जास्त, कारण वळूचं दूध काढता येत नाही, त्याला औताला जुंपत नाहीत, आणि आजूबाजूच्या चार वाड्यांच्या गाई त्याच्याकडे येतात. माज ओळखून फोन करायला जिथे रेंज नाही तिथे अजूनही वळूच लागतो. आणि त्या मुलखातल्या प्रत्येक रेतन केंद्रावर डांगीची कांडी आधी, बाकीच्या मागाहून.

राजूरच्या त्या बाबांना मी निघताना विचारलं, वळू पुढच्या वर्षी आणणार ना. त्यांच्याजवळ पारा रंगाचा, भरल्या वशिंडाचा वळू बांधलेला होता, सकाळपासून लोक त्याचे फोटो काढत होते. बाबा म्हणाले, थोरला पोरगा म्हणतो की एवढ्या जनावराचं वर्षभराचं खाणं आता झेपत नाही. गिऱ्हाईक आलं तर याच बाजारात देऊन टाकू. संध्याकाळपर्यंत दोन जण भाव विचारून गेले. दोघेही खालच्या गावांतले होते, आणि दोघांनाही तो पैदाशीला नको होता.